तीन बोटं

गल्लीच्या तोंडाला दवाखान्याचा तक्ता लावलाय.
बायी तेरेयिरी, मूरु बेरळु.
शालनला कन्नड वाचता येत नाही,
मला कामापुरतं येतं. मी सांगते,
पोराला आ कर म्हण. उभी तीन बोटं
तोंडात मावली पाहिजेत.
त्याचीच बोटं, तुझी नव्हेत,
तुझ्या बोटांना जर्दा आहे.

निपाणीतली दुपार. सगळ्याजणी मांडीवर सूप घेऊन.
ओला पाला, कात्री, दोरा, आणि हजाराचा हिशेब तोंडी.
मी उंबऱ्यातच बसते.
हात थांबला की मजुरी थांबते,
हे मला कुणी शिकवायला नको,
नऊ वर्षं मीबी वळल्यात.
म्हणून हात चालू ठेवून ऐकता येईल
तेवढंच सांगते.

बाळाला पाजायच्या आधी हात साबणानं धू,
पदराला पुसलेले चालत नाहीत.
पाळणा सुपाजवळ नको, दाराकडं बांध, वारं येतं तिकडं.
सोमवारची निळी गोळी पोरीनं जेवून घ्यायची,
वर लगेच चहा नाही.
गोदाक्का, तुझ्या कौलावर पाच गोळ्या मोजल्यात मी.
चिमण्यापण खाईनात त्या.

हसतात सगळ्या. दिलशादबी म्हणते,
अन् थोरल्यांचं काय, मिशा फुटलेल्यांचं?

थोरल्यांचं असं:
आमटी तिखट लागते म्हणतो का बघ,
कालपर्यंत लागत नव्हती ती.
घास लहान झालाय का.
शाळेमागच्या टपरीवर दोन पुड्या मिळतात,
वेगवेगळ्या, कायद्यातून सुटलेल्या,
पोरं तळहातावर एक करतात.
सापडली पुडी तर मारू नको, शालन.
मारलेलं पोर तोंड आणखी मिटतं.
अंधारात विचार, भांडी घासताना विचार,
तुझं तोंड दुसरीकडं असताना.

हे मी किती दारांत म्हटलं असेल.

गुरुवारी प्रज्वलला खर्डा वाढला.
नको म्हणाला.
भाकरी दुधात कुस्करली, म्हाताऱ्यागत.
सतरावं लागलंय. पाणीपुरी अख्खी गिळायचा,
गालाचा फुगा करून आम्हाला दाखवायचा.

मला सगळं पाठ होतं, काय विचारायचं, कसल्या आवाजात.
मी उठले आणि त्याच्या कानाखाली मारली.
दप्तर पालथं केलं. वह्यांच्या आधी
पुड्याच पडल्या.
तो काही बोलला नाही.
बाहेर जाऊन पायरीवर बसला,
समोरच्या घरातल्या टीव्हीचा उजेड
त्याच्या पाठीवर निळा, मग लाल.

किती वाजले होते कुणास ठाऊक.
मी जाऊन शेजारी बसले. माझ्याजवळ सांगण्यासारखं
एक वाक्य उरलं नव्हतं.
माझीच तीन बोटं माझ्या तोंडात घातली
आणि तशीच बघत राहिले त्याच्याकडं.
आधी हसू आलं त्याला.
मग त्यानं आ केलं.
दोन गेली.
तिसरं दाताशी अडलं.
काय बघालायस, म्हणाला, तोंडातल्या तोंडात,
आणि रडायला लागला.

बेळगावच्या दातांच्या दवाखान्यात
डॉक्टरीणबाई त्याच्याशी बोलल्या, माझ्याशी नाही.
आधी पुडी बंद, म्हणाल्या,
नाहीतर औषध म्हणजे गटारात पाणी.
लाकडी काड्या दिल्या, आइस्क्रीमच्या असतात तशा.
थप्पी करून दातांत धरायची,
सोसेल तशी एकेक वाढवायची.

आता संध्याकाळी तो काड्या मोजतो.
सतरा. परवा अठरा झाल्या, काल परत सतरा.
मी पंचवीसचं बंडल बांधलेली बाई,
माझी बोटं आपोआप पंचवीसकडं धावतात,
मी ती पदरात धरून ठेवते.

सोमवारी वहीत पहिलं घर आमचं लिहिलं.
तोंड उघडणे : दोन बोटं.
शालननं वाचलं. मराठीत होतं.
सूप बाजूला ठेवलं तिनं, हात धुतले,
कोपरापर्यंत,
आणि आतल्या खोलीकडं बघून
पोराला हळूच हाक मारली.