बेड नंबर सतरा

माझं आडनाव शहाणे.
त्यावरचे सगळे विनोद वॉर्डात करून झालेत,
तुम्ही नवा काढू नका.

पुरुषांचा वॉर्ड, दुसरा मजला, इंटर्नशिपचा नववा दिवस.
खिडकीतून त्र्यंबक नाक्याचे हॉर्न,
आतून बेड नंबर सतरा :
"एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस...
अवो डाक्टरीनबाई, तुमचं सलाईन
मिन्टाला दोन थेंब कमी टाकतंय."

कारभारी दगू पगार, वय एकाहत्तर.
तेहतीस वर्षं नाशिकरोडला, नोट प्रेसमध्ये, मोजणीवर.
ते निवृत्त झाले, मोजणी झाली नाही.
मामांच्या चहाच्या खेपा किती,
पंखा कितव्या फेरीला कुरकुरतो,
राउंडला सरांनी त्यांच्याकडे किती सेकंद पाहिलं
(अकरा. त्यातले चार मोबाइलकडे).
गोळी दिली की आधी उजेडात धरायचे,
अंगठ्यानं चोळायचे,
मग गिळायचे, खरी निघाल्यासारखी.

पथ्य : तेल नाही, तिखट नाही.
तरी बंडीवर रोज तर्रीचा एक ताजा डाग.
विचारलं तर म्हणायचे,
"आयोडीन आसंल."

त्या सकाळी उपाशीपोटीचं रक्त घ्यायचं होतं.
सतरावर डोक्यापासून पायापर्यंत चादर.
"पगार?" मी म्हटलं.
"हं," चादर म्हणाली.
हात ओढला, पट्टा आवळला, शीर शोधली.
शीर उन्हाळ्यातल्या नासर्डीसारखी,
नकाशात आहे, जागेवर नाही.
टोचलं, चुकलं. परत टोचलं.
मुझम्मिल धावत आला, त्याचंही चुकलं,
तेव्हा मला जरा बरं वाटलं.
पाचव्यांदा रक्त आलं.
लगे हात छातीवरचे केस भादरून ईसीजीही काढला
आणि कागदावर अभिमानानं लिहिलं :
'रुग्ण उत्तम सहकार्य करतो.'

पावणेआठला मफलर गुंडाळून,
मिसळीचा वास पुढे आणि स्वतः मागे,
पगारबाबा दारातून आत आले.

"मग हा कोण?"
"हा माझा साडू, रंभाजी. निफाडहून भेटाय आलाय.
म्हणलं पड जरा. हजेरीला माणूस लागतो."
"अहो, पण मी पगार म्हटलं, तर हे हं म्हणाले!"
साडू उठून बसला, भादरलेल्या छातीवरून हात फिरवला,
"पगार म्हणल्यावर नाही कोण म्हणंल, बाई?
मला वाटलं, भेटाय येणाऱ्याचं बी करत्यात इथं."

दुपारी रिपोर्ट आला. साडूची साखर चारशे बारा.
हिवाळे सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं,
मी फरशीकडे.
"निदान कुणी केलं?" सरांनी विचारलं.
"चुकून झालं, सर."
"बरीचशी तशीच होतात," म्हणाले,
आणि पुढच्या बेडकडे वळले.
रंभाजीला अठरा नंबर मिळाला.
आता थेंब दोघं मोजतात
आणि आकड्यावरून भांडतात.

रात्री ड्रेसिंग रूममध्ये रडून आले.
सगळे झोपलेले. सतरामधून आवाज :
"चौदा मिन्टं."
मी काहीच बोलले नाही.
"आमच्याकडं शीट खराब निघाली
तर लपवायची नाही, बाई.
मोजायची, लिहायची, बाजूला ठेवायची.
जो म्हणायचा माझी एकबी खराब नाही,
त्याच्या टेबलावर सायेब दोनदा यायचा."
मग कूस बदलली.
"साडूला पाच टोचल्या तुम्ही.
दोन त्या पोराच्या. तुमच्या तीनच."

ते गेले परवा.
डिस्चार्ज कार्डाची पानं दोनदा मोजून,
अठरा नंबरला मिसळीचा पत्ता सांगून
(तो मी खोडला).

सतरावर आता नवीन माणूस आहे.
मी आधी चादर काढते, तोंड बघते,
नाव विचारते, बापाचं नाव विचारते,
मग हनुवटी धरून उजेडाकडे वळवते.
तो घाबरतो.

काल रात्री काम नव्हतं.
घड्याळ काढून सलाईनखाली उभी राहिले.
दोन कमीच पडतात.