अंशतः खरे आहे

डिसेंबर लागला की मुंबईची कपाटं
ट्रकात बसून नागपूरला येतात.
मागोमाग आम्ही.
बाकीचे एकशेसाठ गाळ्यांत, गरम पाण्याच्या रांगेत,
मी गिट्टीखदानला, आईकडे.
तिचा पहिला प्रश्न दारातच :
काहून वाळली वो इतकी?
तिला लेखी उत्तर चालत नाही.

सभागृहात माझी पाळी पाच मिनिटांची.
वही, दोन पेन्सिली, मान खाली.
मग डोंगरदिवे येऊन बसतो
आणि मी अर्ध्या वाक्यातून उठते,
क्रियापद त्याच्या वाट्याला.

आज तारांकित प्रश्न क्रमांक सहा हजार चारशे बारा.
सदस्य श्रीमती वैजयंता उईके विचारतात :
मौजे सोनेपार येथील उपकेंद्रात
नऊ महिने परिचारिका नाही, हे खरे आहे काय?
    हे अंशतः खरे आहे.
(म्हणजे खुर्ची आहे. खुर्चीवर कुणाचं तरी स्वेटर आहे.)
असल्यास, रुग्णवाहिका टायरअभावी उभी आहे, हे खरे आहे काय?
    टायरबाबत कार्यवाही सुरू आहे.
दारूगोळ्याच्या चाचण्यांनी
शाळेच्या भिंतीला तडे गेले, हेही खरे आहे काय?
    संरक्षण हा विषय केंद्राच्या अखत्यारीत येतो.
नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?
    प्रश्न उद्भवत नाही.

या शेवटच्या तीन शब्दांना
आमच्या लिपीत एकच वळसा आहे.
तेवीस वर्षांत तो इतका गुळगुळीत झालाय
की कान ऐकण्याआधी हात काढून मोकळा होतो.

उईकेबाईंनी कागद बाकावर पालथा घातला.
अध्यक्ष महाराज, धमाका केंद्राचा,
भिंत जिल्हा परिषदेची,
मास्तरांचा पगार राज्याचा.
भिंतीला टेकून बसते ती पोरगी
कोणाच्या अखत्यारीत येते?

मागच्या बाकावर कुणी हसलं,
आणि मधेच थांबलं.
मंत्र्यांनी अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडे पाहिलं.
चिठ्ठी आली नाही.
अकरा सेकंद.
पेन्सिल थांबलेली, म्हणून मोजता आले.

गोंधळाला कंस आहे : (अडथळा).
सभात्यागाला ठरलेलं वाक्य आहे.
शिवीला फुल्या आहेत, तीन किंवा चार.
याला काही नाही.
हातानं आपल्याच मनानं एक उभी रेघ ओढली,
हलकी.

माहिती घेऊन सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल.
खुर्चीशेजारी डोंगरदिवेचे बूट.

संध्याकाळी उतरवायला बसले
आणि त्या रेघेपाशी अडले.
हलकी उभी रेघ म्हणजे त. दाबली की द.
तपासतो? तरतूद?
की दखल, की दिरंगाई?
डोंगरदिवे म्हणाला, सोड ना बाप्पा, कोण वाचतंय.
सोडली.
आता छापील पानावर
प्रश्नाला चिकटूनच उत्तर आहे,
मधे केसही जाणार नाही.

बाहेर पडताना फाटकाशी सोनेपारचे ढोमणे गुरुजी,
हातात टोकन, सत्तेचाळीस नंबर.
पोलीसबाईनं एकेक परत केलं :
मोबाईल, चुन्याची डबी,
रुमालात बांधलेला पलिस्तराचा ढेपळा.
वहीत नोंद होती : दगड, एक.
दगड नोहे बाई, भिंत हाये.
इथं सही करा.
त्यांनी नोंद पुन्हा वाचली, चष्मा वर करून,
आणि सही केली.

मग माझ्याकडे वळून :
गणेशपेठले इथून काय मिळन?
मी सगळं सांगितलं.
ऑटो कुठून, भाडं किती,
किती मागतील, किती द्यायचे,
शेवटची गाडी सव्वानऊला,
फलाट विचारून घ्या, बदलतो.

गुरुजींनी खिशातून पेन काढला
आणि रुमाल काखेत धरून
शब्द न् शब्द
तळहातावर उतरवून घेतला.