लिफ्ट बसते

संध्याकाळी नांगर उचलून ठेवावा,
सकाळी तो जमिनीला टेकलेला.
रात्रभर कुणी हात लावला नाही.
ट्रॅक्टर म्हातारा झालाय, म्हणतात शेजारी.
मला पटत नाही.
तेल वय बघत नाही, वाट बघतं.

सरळगावच्या शेडात खाली पुठ्ठा अंथरला,
दोन तास बसलो. पुठ्ठा कोरडा.
म्हणजे गळती आतल्या आत.
अशी गळती कुणाला बोट ठेवून दाखवता येत नाही.

झाकणाचे बोल्ट चौदा. तेरावा अडून बसला,
डिझेल पाजलं, हातोडीने गोंजारलं, तेव्हा सुटला.
तेल गढूळ, दूध जास्त पडलेल्या चहासारखं;
पाणी शिरलंय कुठूनतरी.
पिस्टन बाहेर काढला, तर खाचेत
रबराची रिंग नव्हतीच.
चामडं होतं.
चपलेच्या तळव्याचं, काठ रापीने तासलेला,
एका अंगाला शिवणीची तीन भोकं.

ठमाबाई हरड उकिडव्या बसल्या, निरखून बघितलं.
"ह्यांची डावी," म्हणाल्या.
"त्या साली एका पायात चप्पल घालून हिंडायचे.
विचारलं की सांगायचे, दुसरी कामाला गेलीय."

रबाळ्याहून आणलेली रिंग
तेलात भिजवून बसवली, बोटांनी,
स्क्रूड्रायव्हर लांब ठेवून.
सकाळी येऊन बघतो,
नांगर दोन बोटं खाली.
दोनच.

चामडं त्यांनी राखेने घासून
पत्र्यावर उन्हात ठेवलंय.
अजून तेल सोडतंय.