उलट्या पावली

पॅड उतरवून बावीस महिने झाले.
आता ओझरच्या कोल्ड स्टोरेजात रात्रपाळी,
द्राक्षांच्या पेट्या, अर्धा अंश, कानटोपी.

नवी पोरं विचारतात,
गायधनीदादा, तुम्ही उलटे का चालता?

काय सांगू.
नाशिकरोडच्या सिमेंटवर चाकांचे स्केट्स,
तिथून बर्फावर, परक्या गावांत,
अकरा हंगाम मी मागेच सरकत राहिलो,
समोरच्याच्या डोळ्यांकडे नाही, छातीकडे बघत.
डोळे फसवतात.
चेंडू नसतो त्यात, रबरी चकती असते.
आई शेवटपर्यंत चेंडूच म्हणाली.

माझे गोल चार.
न झालेल्यांची वही कुणी ठेवत नाही.
दोन दात गेले, डावं मनगट गेलं,
आणि तो सतरा नंबरचा,
माझ्या पायांमधून चकती काढून गेलेला,
अजून झोपेत जातो.

आज पहाटे चारला भरली ट्रॉली सुटली उतारावरून.
दारात धोंडगे, पाठमोरा, फोनवर.
मी आडवा कधी झालो, कळलंच नाही.

आता बरगडी ठणकतेय.
पेट्या सगळ्या शाबूत, मालक खूश.
धोंडगेनं एक घड धुऊन आणला, काही बोलला नाही.

गार होता.
दातांच्या फटीतून कळ गेली पार डोक्यात.