आयोस

उद्यमबागेत, तिसऱ्या गल्लीत, पत्र्याच्या शेडात
माझी दोन लेथ मशिनं.
एकावर येळ्ळूरचा भरमू, दुसऱ्यावर बैलहोंगलचा सिद्राय.
काम जमलं की भरमू ओरडतो, "लई भारी की वो!"
सिद्राय म्हणतो, "अड्डिल्ला."
हरकत नाही, एवढाच त्याचा अर्थ,
पण त्याच्या गावात म्हणे लग्नाच्या जेवणालाही
याहून मोठं सर्टिफिकेट मिळत नाही.

मी दुबईच्या ड्राय डॉकमध्ये नऊ वर्षं काढली.
साहेब इंग्रज. "नाइस वन, मेट," म्हणायचा,
काम न बघता,
आणि तेच पुढच्या माणसाला.
शेजारी बटांगासचा रोडेल.
तो शाफ्टवर अंगठा फिरवायचा,
लांबून कुणी हाक मारल्यासारखा थांबायचा,
मग म्हणायचा, "आयोस."
फारच जमलं तर "लोदी!"
म्हणजे आयडॉल, उलटा करून,
घाईत घातलेल्या बनियनसारखा, शिवण बाहेर.

परत आलो. लोदी इथं चाललं नाही,
भरमूला शाळेतला दिल्लीचा सुलतान आठवला.
आयोस मात्र तोंडातून सुटलं
पहिला बुश बेअरिंगात बसला तेव्हा,
आणि सुटलं ते सुटलंच.
आता भरमू म्हणतो, सिद्राय म्हणतो,
चहाची किटली आणणारी गंगव्वासुद्धा,
सुटे पैसे बरोबर मिळाले की.

परवा कळलं,
भरमूला वाटतं ते कानडी आहे.
सिद्रायला वाटतं मराठी.
वर्षभर दोघंही
दुसऱ्याची भाषा बोलल्याच्या ऐटीत.

नाक्यावरच्या पाटीला त्या आठवड्यात काळं फासलेलं.
कुठल्या अक्षरांना ते विचारू नका,
डांबर एकाच दुकानात मिळतं.
मी पोरांना काही सांगितलं नाही.

रोडेलचा नंबर लागत नाही.
त्याला विचारायचं राहूनच गेलं,
आयोस म्हणजे छान,
का नीट लागलं जागेवर,
का नुसतंच, चला, सुटलो एकदाचे?

संध्याकाळी सिद्राय शाफ्ट पुसतो,
अंगठा फिरवतो,
थांबतो.
हे थांबणं मी त्याला शिकवलेलं नाही.
भरमूनं मशीन बंद केलंय. मीही बघत उभा.

"दोन पॉइंट जास्ती ऐति, मालक,"
म्हणतो,
आणि परत चकात धरतो.