तिथी

शेवटची स्लाइड नेहमीचीच: आभार,
मागे खाडीवर कललेला सूर्य,
मीच टिपलेला, ऐरोलीच्या पुलावरून.

दिवाळे गावच्या समाजमंदिरात
पंखा एका पात्यावर खुरडतो आहे.
मी विचारते, कुणाला काही शंका?
शंका म्हटल्यावर मागच्या रांगेतली दोन पोरं
एकमेकांना कोपर मारून हसतात.
बाकीचे माझ्याकडे बघतात
बँकेत टोकन घेऊन बसल्यासारखे.

सर सांगायचे, विचारून झालं की
पाणी प्यायचं. सावकाश. झाकण लावायचं.
मनात अकरापर्यंत मोजायचं.
सातावर बहुतेक वक्ते घाबरतात
आणि धन्यवाद म्हणून टाकतात.

मी सातावर होते.
मंडळाचे चिंतामण नाखवा
शाल-नारळ घेऊन उठलेही होते.
आठ. नऊ.

दहाला चांगुणाबाई,
माझ्याच माहितीपत्रकाने वारा घेत,
बसल्या जागेवरून:
“पान्यातला यो गाळ मोजलास,
तो कंचे तिथीला ग बाय?”

माझ्याकडे तारखा होत्या.
अक्षांश, रेखांश, तापमान, क्षारता,
बाटल्यांवर चिकटवलेल्या पट्ट्या.
पुनव होती की अष्टमी,
पाणी उधाणाचं होतं की भांगाचं,
कुठल्याच रकान्यात नव्हतं.

“माहीत नाही,” म्हटलं.
माइकमध्ये. तीन वर्षांत पहिल्यांदा.

मग खुर्च्या सरकल्या.
भांगाला घेतलं असेल तर तळ हललाच नसणार, एक जण.
पूल झाल्यापासून भरती उशिरा लागते,
ते तुमच्या मशीनला कळतं का?
निवट्या गेल्या कुठे?
मघाची पोरं: बाटलीतलं पाणी नंतर ओतून देता?
कुठे?
नाखवा शाल मांडीवर घेऊन खाली बसले,
म्हणाले, माझा पन एक हाय.

मी आलेख परत लावला. स्लाइड नऊ.
चांगुणाबाई उठून पडद्यापाशी आल्या.
माझी निळी रेघ
त्यांच्या दंडावरून, लुगड्यावरून वळत गेली.
एका टोकावर बोट ठेवलं:
“ही अवस असंल. बघ घरी जाऊन.”

मागच्या वर्षीचं कॅलेंडर
शेजारच्या वैद्यांकडे मिळालं,
दुधाच्या हिशेबाने भरलेलं.
त्या चौकटीत काळा गोळा,
खाली पेन्सिलीने: दोन पिशव्या.

पुढची दोन टोकं मात्र
कुठल्याच गोळ्यावर बसत नाहीत.
रविवारी जायचंय पुन्हा,
विचारायला.