खुंट्या

दाराच्या आतल्या अंगाला अकरा खुंट्या आहेत,
ओकच्या, हातानं तासलेल्या.
बारावीचं नुसतंच भोक.
कोट अडकवायला फार उंच,
टोपीसाठी फार जाड.
आजोबा म्हणायचे, बंदुकांच्या आहेत.
रविवारी बंदुकीशिवाय प्रार्थनेला आलं
की दंड पडे, पायलीभर मका.
मका मुळात कुणाचा,
ते त्यांनी सांगितलं नाही.

नदीचं नाव मात्र अजून त्या लोकांच्याच भाषेतलं.
आम्ही ते चुकीचं उच्चारतो
आणि तिच्यात आमच्या लेकरांना बाप्तिस्मा देतो.

गेल्या ईस्टरपासून व्हर्नन टटल
शेवटच्या बाकावर बसतो,
उकाड्यातही कोट न काढता.
समितीनं ठरवलंय तसं.
हात मीही वर केला होता.
सहावी आज्ञा वाचताना
पाद्रीणबाई हल्ली पुस्तकातून मान वर करत नाहीत.

शनिवारी झाडलोट माझ्याकडे असते.
स्टुलावर चढून खुंट्या पुसते एकेक.
पट्टा घासायचा तिथं खाच पडलीय,
गुळगुळीत, काळी.
काल तिच्यात बोट ठेवून पाहिलं.
बरोबर मावलं.

मग खाली उतरले, हात धुतले,
आणि प्रभुभोजनाची भाकर
कापायला घेतली.